यंत्राची अक्षरओळख



औषधाच्या दुकानातून आणलेला एखादा खोका हातात घ्या. त्याच्या बाजूला किंवा झाकणावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा लहानसा चौकोन छापलेला दिसेल. केंद्र सरकारने १७ नोव्हेंबर २०२२ च्या अधिसूचनेने ३०० औषध-ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड देणे बंधनकारक केले आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ते अमलात आले. त्या चौकोनात औषधाची ओळख, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख अशी माहिती असते. आपल्या इंदूरजवळच्या पिथमपूरला औषधांचे कारखाने आहेत, आणि आपल्या शाळेतील कित्येक मुलांचे वडील, काका, मामा रोज सकाळच्या बसने तिकडे जातात. खोका पट्ट्यावरून पुढे सरकतो, स्कॅनर तो चौकोन वाचतो, आणि एक यंत्र ठरवते की हा खोका पुढे जाऊ द्यायचा की हवेच्या झोताने बाजूला ढकलायचा. ते यंत्र हे कसे ठरवते, हा आजचा पाठ.

या यंत्राला पीएलसी म्हणतात, म्हणजे कारखान्यातील यंत्रे चालवणारा खास संगणक. १९६८ साली अमेरिकेत डिक मोर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची कल्पना मांडली आणि त्यातून मोडिकॉन ०८४ हे यंत्र तयार झाले. मोटार कारखान्यांत तेव्हा भिंतभर रिले असत. गाडीचे मॉडेल बदलले की सगळ्या तारा पुन्हा जोडाव्या लागत. ती कटकट जावी हा हेतू. त्यामुळे सुरुवातीच्या पीएलसीला फक्त चालू आणि बंद, एवढेच कळत होते. मोटर सुरू कर, झडप बंद कर. अक्षरांशी त्याचा संबंधच नव्हता.

पुढे वजनकाटे, छपाई यंत्रे, बारकोड स्कॅनर या सर्वांशी बोलण्याची वेळ आली. ही मंडळी बोलतात ती अक्षरांत. मग पीएलसीलाही अक्षरओळख शिकावी लागली. १९९३ मध्ये पीएलसीच्या भाषांचे आंतरराष्ट्रीय मानक आले. आज ते आयईसी ६११३१-३ या क्रमांकाने ओळखले जाते. त्यातील स्ट्रक्चर्ड टेक्स्ट ही भाषा पास्कलच्या वळणाची आहे. आजच्या पाठातील सर्व ओळी त्या भाषेतल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतच लिहाव्या लागतात. इथे छापण्याच्या सोयीसाठी त्या मी देवनागरीत देत आहे. (माझी बी.एस्‌सी. हिंदी माध्यमातून झाली, त्यामुळे माझ्या मराठीत कुठे ‘अतः’ आणि ‘यद्यपि’चा वास आला तर पालकांनी सांभाळून घ्यावे.)

आकडा आणि अक्षरांची माळ

ओळीने गुंफलेल्या अक्षरांना स्ट्रिंग म्हणतात. स्ट्रिंग म्हणजे दोरी. आपण माळ म्हटले तरी चालेल. माळेत अक्षर, अंक, मोकळी जागा, स्वल्पविराम काहीही ओवता येते. स्ट्रिंग एकेरी अवतरण चिन्हांत लिहितात: 'बॅच ४५६७'.

आता पहिली अडचण. ४५६७ आणि '४५६७' यांत फरक काय? पहिला आकडा आहे, त्यात एक मिळवला तर ४५६८ होतात. दुसरी चार मण्यांची माळ आहे. यंत्राच्या स्मृतीत प्रत्येक मणी एका संकेतांकाने राहतो: शून्य या अंकाचा संकेतांक ४८, एकचा ४९, असे करत नऊचा ५७. म्हणून माळेतल्या अंकावर गणित करायचे असेल तर त्याच्या संकेतांकातून ४८ वजा करावे लागतात. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. आपण देवनागरीत लिहितो ते ०, १, २ यांचे संकेतांक वेगळे आहेत. स्ट्रिंगचा आकडा करून देणारे फंक्शन ते ओळखत नाही. तेव्हा पाठात जिथे जिथे अंक दिसतील तिथे यंत्राकडे रोमन अंकच जातात असे समजून चाला.

मुले विचारतात, मग सरळ आकडाच का ठेवू नये? औषधाचा ओळख क्रमांक १४ अंकी असतो. पीएलसीतील ३२ बिटांचा पूर्णांक जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जातो, म्हणजे १० अंक. तिथेच तो क्रमांक मावत नाही. शिवाय क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असेल तर आकडा करताना ते गळून पडते. मला विचाराल तर कसोटी साधी आहे. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही ती माळ. फोन नंबर, पिनकोड, बॅच क्रमांक, तुमचा स्कॉलर नंबर हे सगळे दिसायला आकडे असले तरी कामाने नावेच आहेत. दोन पिनकोडांची बेरीज करून कोणते गाव मिळणार?

आणखी एक गंमत पाहा. ९ मोठे की १०? आकडे म्हणून १० मोठे. पण माळा म्हणून तुलना केली तर '९' ही '१०' पेक्षा मोठी ठरते, कारण यंत्र पहिला मणी पहिल्या मण्याशी ताडून पाहते, आणि ९ हा १ च्या नंतर येतो. शब्दकोशात शब्द लावतात तसेच हे.

खोक्यावरची माळ उलगडू

जगभर वापरल्या जाणाऱ्या जीएस१ पद्धतीप्रमाणे खोक्यावर लिहिलेली एक नमुना माळ घेऊ:

'०१०८९०१२३४५६७८९०१७२७०३३११०४५६७'

दिसायला ही अंकांची रांग आहे. पण तिची ठरलेली रचना आहे. आधी ०१ येते. याचा अर्थ, पुढचे १४ अंक वस्तूचा ओळख क्रमांक. मग १७, म्हणजे पुढचे सहा अंक मुदत संपण्याची तारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. मग १०, म्हणजे पुढे बॅच क्रमांक. बॅच क्रमांकाला ठरलेली लांबी नाही, जास्तीत जास्त २० अक्षरे. आता बोट ठेवून मोजा. १ आणि २ या जागांवर ०१. ३ ते १६ वर ओळख क्रमांक. १७ आणि १८ वर १७. १९ ते २४ वर तारीख. २५-२६ वर १०. आणि २७ पासून शेवटपर्यंत बॅच. एकूण मणी ३०. मुलांनी हे खरोखर बोटाने मोजावे. ज्याने मोजले नाही त्याला पुढचे कळणार नाही.

मानकात स्ट्रिंगसाठी नऊ फंक्शने दिली आहेत: लेन, लेफ्ट, राइट, मिड, कॉनकॅट, इन्सर्ट, डिलीट, रिप्लेस आणि फाइंड. लेन लांबी सांगते. लेफ्ट डावीकडून आणि राइट उजवीकडून सांगितले तेवढे मणी काढून देते. मिड मधला तुकडा देते, कॉनकॅट दोन माळा जोडते, फाइंड एका माळेत दुसरी कुठे आहे ते शोधते. उरलेल्या तिघांची नावेच त्यांचे काम सांगतात. वरच्या माळेला ‘कोड’ असे नाव दिले तर:

ओळख := मिड(कोड, १४, ३);
तारीख := मिड(कोड, ६, १९);
बॅच := राइट(कोड, लेन(कोड) − २६);

मिडच्या कंसात आधी किती मणी हवेत ते, आणि नंतर कितव्या जागेपासून ते. आपल्या संगणक वर्गात एक्सेल शिकलेल्या मुलांनी इथे थांबावे. एक्सेलमधील मिडमध्ये हा क्रम बरोबर उलटा आहे, आधी जागा, मग संख्या. सवयीने कोणी मिड(कोड, १९, ६) लिहिले तर यंत्र तक्रार करणार नाही, कारण दोन्ही ठिकाणी आकडाच हवा असतो आणि आकडाच मिळाला. ते निमूटपणे सहाव्या जागेपासून १९ मणी काढून देईल: '०१२३४५६७८९०१७२७०३३१'. तारीख त्यात शेवटी आहेसुद्धा, पण हिला कोणी तारीख म्हणणार नाही. दुसरे, सी किंवा पायथन शिकलेल्या दादा-ताईंना मोजणी शून्यापासून करण्याची सवय असते. या भाषेत पहिल्या मण्याची जागा १ आहे. या बाबतीत ती आपल्या माणसांसारखी मोजते.

आता फाइंडकडे वळू, कारण खरा धोका इथे आहे. कोणी हुशार मुलगा म्हणेल, सर, जागा कशाला मोजायच्या? बॅचच्या आधी १० असते ना, मग '१०' शोधू आणि त्याच्या पुढचे घेऊ. कल्पना चांगली वाटते. करून पाहा:

जागा := फाइंड(कोड, '१०');

आपल्याला उत्तर २५ हवे. यंत्र देते २. का? माळेची सुरुवात पाहा: ०, १, ०, ८... दुसऱ्या जागेवरचा १ आणि तिसऱ्या जागेवरचा ० मिळून १० होतात. पहिला ०१ चा शेवटचा मणी, दुसरा ओळख क्रमांकाचा पहिला मणी. यंत्राला अर्थ कळत नाही, आकार कळतो. ज्या ज्या वस्तूचा १४ अंकी क्रमांक शून्याने सुरू होतो त्या प्रत्येक वस्तूला हे असेच होणार. फाइंड नेहमी पहिले सापडलेले ठिकाण सांगते आणि काहीच सापडले नाही तर ० सांगते.

म्हणून जिथे लांबी ठरलेली आहे तिथे जागा मोजूनच तुकडा काढावा. आणि जिथे लांबी ठरलेली नाही तिथे? समजा बॅच क्रमांक तारखेच्या आधी आला. बॅच कुठे संपली आणि १७ कुठे सुरू झाले हे कसे कळणार? त्यासाठी जीएस१ पद्धतीत दोन्हींच्या मध्ये एक न दिसणारा विभाजक मणी येतो. त्याचा संकेतांक २९. सोळा-आधारी मोजणीत २९ म्हणजे १डी. न दिसणारी अक्षरे लिहिण्यासाठी आपल्या भाषेत डॉलरचे चिन्ह वापरतात, म्हणून हा मणी '$१डी' असा लिहितात. अशा माळेत ०१ आणि ओळख क्रमांक मिळून १६ जागा, १० च्या दोन, आणि बॅच १९ व्या जागेपासून:

जागा := फाइंड(कोड, '$१डी');
बॅच := मिड(कोड, जागा − १९, १९);

विभाजक २३ व्या जागेवर सापडला तर २३ − १९ = ४ मणी. बरोबर. पण सापडला नाही तर? फाइंडने ० दिले, आणि आपण मिडला सांगितले की उणे १९ मणी काढ. म्हणून आधी ‘जागा शून्य आहे का’ हे विचारलेच पाहिजे. शून्य असेल तर तो खोका बाजूला काढायचा आणि माणसाने पाहायचा. मी तर म्हणेन की ज्या प्रोग्राममध्ये फाइंडनंतर शून्याची विचारपूस नाही त्याला अर्धेच गुण द्यावेत, उत्तर बरोबर आले तरी.

न दिसणारे मणी

स्कॅनर माळ पाठवून झाली की शेवटी बहुधा ओळ संपल्याची खूण पाठवतो. त्या मण्याचा संकेतांक १३ आणि आपल्या भाषेत तो '$आर' असा लिहितात. पडद्यावर तो दिसत नाही. परंतु लेन त्याला मोजते. आपली ३० मण्यांची माळ ३१ मण्यांची होते, बॅच '४५६७' ऐवजी '४५६७$आर' निघते, आणि नोंदीतील '४५६७' शी ती जुळत नाही. पडद्यावर दोन्ही अगदी सारख्या दिसतात. माणूस डोळे फाडून पाहत राहतो आणि यंत्र म्हणते, वेगळ्या आहेत. अशा वेळी माळ पाहत बसू नका, तिची लांबी छापून पाहा. लांबी खोटे बोलत नाही.

असाच प्रकार आपल्या एका पालकांनी मला सांगितला (कारखान्याचे नाव इथे घेत नाही). बिघडलेल्या स्कॅनरच्या जागी रात्रपाळीत नवा बसवला. नव्याची मांडणी अशी होती की तो माळेच्या आधी, कोणत्या प्रकारचा कोड वाचला हे सांगणारे तीन मणी जोडी: चौकोनी कंस, डी आणि २. ही सोय चांगलीच आहे. पण प्रोग्राम जागा मोजणारा होता. सगळ्या जागा तीनने सरकल्या. १९ व्या जागेवर तारखेऐवजी ओळख क्रमांकाचा शेवटचा अंक आला आणि प्रत्येक खोका बाजूला पडू लागला. औषध ठीक, छपाई ठीक, स्कॅनरही ठीक. उपाय एका ओळीचा होता: सुरुवातीचे दोन मणी '०१' आहेत का ते आधी पाहणे, नसतील तर सुरुवातीचे तीन डिलीट करून पुन्हा पाहणे. या घटनेत निदान सगळे खोके अडले, म्हणजे चूक लगेच दिसली. वाईट खोका निमूट पुढे जातो ती चूक जास्त भयंकर.

आणि तशी चूक होते ती लांबीमुळे. घरच्या संगणकात माळ लागेल तशी वाढते. पीएलसीत तसे नसते. प्रत्येक स्ट्रिंगसाठी किती जागा राखायची हे आधीच सांगावे लागते, कारण हे यंत्र वर्षानुवर्षे न थांबता चालायचे असते आणि चालता चालता स्मृती मागत बसणे त्याला परवडत नाही. काही सांगितलेच नाही तर प्रत्येक कंपनीचा आपला नियम. कोडेसिसमध्ये ८० अक्षरे धरली जातात आणि शेवटच्या शून्य-खुणेसह ८१ बाइट लागतात. सीमेन्सच्या एस७ मध्ये २५४ अक्षरे, आणि त्याआधी दोन बाइट, एकात कमाल लांबी आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष लांबी. रॉकवेलच्या लॉजिक्समध्ये ८२ अक्षरे. मानक एक असूनही असे तीन तऱ्हेचे मुक्काम आहेत, म्हणून एका यंत्राचा प्रोग्राम दुसऱ्यावर नेताना हे आधी तपासावे.

आता समजा कोणी बॅचसाठी दहाच अक्षरांची जागा ठेवली, कारण त्या दिवसापर्यंत सगळ्या बॅच दहाच्या आत होत्या. पुढे कंपनीने बारा अंकी क्रमांक सुरू केले. '२०२६००४५०११२' आणि '२०२६००४५०१३७' या दोन वेगवेगळ्या बॅच. दहा मण्यांच्या डबीत टाकल्या की दोन्हींचे उरते '२०२६००४५०१'. यंत्र कापताना आवाज करत नाही. जास्तीचे मणी गळून जातात, एवढेच. पुढे एका बॅचमध्ये दोष निघाला आणि ती बाजारातून परत मागवायची झाली तर नोंदीत कोणती कोणती ते सांगता येणार नाही. विचार करा, ती गोळी कोणाच्या तरी आजीच्या डबीत आहे.

तारीख मात्र जीएस१ वाल्यांनी फार विचाराने लिहिली आहे. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, आणि प्रत्येकाला दोन अंक. त्यामुळे दोन तारखा माळा म्हणून ताडल्या तरी उत्तर बरोबर येते: '२७०३३१' ही '२७०४०१' पेक्षा लहान, आणि ३१ मार्च २०२७ हा दिवसही १ एप्रिलच्या आधीचाच. आपण घरी लिहितो तसे दिवस आधी लिहिले असते तर ३१ मार्च २०२७ ची '३१०३२७' ही १ एप्रिल २०२८ च्या '०१०४२८' पेक्षा मोठी ठरली असती, आणि मुदत आधी संपणारे औषध जास्त दिवस टिकणारे समजले गेले असते. दिवसाच्या जागी ०० असेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस समजायचा, असाही नियम आहे.

उलट दिशेने, आकड्याची माळ करताना शून्ये हरवतात. आकडा ७ ची माळ '७' होते, छपाई यंत्राला मात्र '००७' हवे असते. त्यावर एक जुनी आणि सुंदर युक्ती आहे:

क्रमांक := राइट(कॉनकॅट('०००', माळ), ३);

'७' चे आधी '०००७' झाले आणि उजवीकडचे तीन घेतले, '००७'. '४२' चे '०००४२' झाले, त्यातून '०४२'. कुठे जर-तर लागले नाही. मला ही ओळ फार आवडते.

वेळेचा हिशेब

पीएलसी एकच फेरी पुन्हा पुन्हा मारत असते: बाहेरची स्थिती वाच, प्रोग्राम चालव, बाहेर आज्ञा दे. अशी एक फेरी काही मिलिसेकंदांची. समजा १० ची. स्कॅनर ९६०० बॉडच्या तारेवर जोडला आहे. एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. आपले ३० मणी आणि शेवटची खूण, एकूण ३१. त्यांना लागतात सुमारे ३२ मिलिसेकंद. म्हणजे एक माळ तीन-चार फेऱ्यांत तुकड्या-तुकड्यांनी येते. घाई करून पहिल्याच फेरीत वाचली तर अर्धी माळ हाती लागते. म्हणून तुकडे जोडत राहायचे आणि '$आर' दिसल्यावरच उलगडायला घ्यायचे. मघा ज्याने त्रास दिला तोच मणी इथे उपयोगी पडतो!

स्ट्रिंगचे काम एकेका मण्यावरून चालत जाऊन करावे लागते, त्यामुळे ते महाग असते. फेरीला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला तर पीएलसीतील पहारेकरी घड्याळ यंत्र थांबवते. तेव्हा नवी माळ पूर्ण आली की एकदाच उलगडावी, प्रत्येक फेरीत नव्हे.

आणि आपली लिपी?

हा प्रश्न आपल्या शाळेत कोणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवा. साध्या स्ट्रिंगमध्ये एका मण्याला एक बाइट मिळतो. रोमन अक्षरांना तो पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात. ‘क्षिप्रा’ हा शब्द घ्या. आपण दोन अक्षरे म्हणू, क्षि आणि प्रा. यंत्राच्या हिशेबी ती आठ चिन्हे आहेत: क, हलन्ताची खूण, ष, इकार, प, पुन्हा हलन्त, र आणि आकार. आठ त्रिक २४ बाइट. वीस बाइटांच्या जागेत घातला तर सहा चिन्हे पूर्ण, सातव्याचे दोन बाइट आणि कचरा.

मानकात यासाठी डब्ल्यू-स्ट्रिंग नावाचा रुंद प्रकार आहे. तो दुहेरी अवतरण चिन्हांत लिहितात आणि त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह दोन बाइटांत बसते. तरी मोजणी चिन्हांचीच राहते, अक्षरांची नव्हे. पडद्यावर कामगारासाठी “थांबा” लिहायचे आहे आणि जागा चारच चिन्हांची ठेवली तर उरते “थांब”. एका कान्याबरोबर यंत्राने आदरही काढून घेतला! पण पाटी वाचता येणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. रात्रपाळीत तिसऱ्या तासाला ज्याचे डोळे मिटू लागलेत त्याला आपल्या भाषेतली सूचना चटकन कळते, मग ती मराठी असो की हिंदी. ती अर्धवट कापलेली नसावी, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचे काम आहे.

विश्वस्त मंडळींनी मला विचारले होते की हे सर्व शाळेत कशाला, ते आयटीआय आणि पॉलिटेक्निकचे काम नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच की माळ मोजणे, तुकडा काढणे, शून्याची विचारपूस करणे याला यंत्र लागत नाही, वही-पेन्सिल पुरते. आणि ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी कोडेसिसचे प्रोग्राम लिहिण्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, आणि त्यात खरी पीएलसी नसतानाही प्रोग्राम चालवून पाहता येतो.

नववी-दहावीच्या मुलांसाठी आता काम. ओळख क्रमांकाचा शेवटचा, चौदावा अंक पडताळणीचा असतो. पहिल्या तेरा अंकांना डावीकडून क्रमाने ३, १, ३, १ असे गुणा, गुणाकारांची बेरीज करा, आणि बेरजेत किती मिळवले म्हणजे पुढचा दहाचा पाढा पूर्ण होतो ते पाहा. आपल्या नमुन्यात बेरीज १३० येते, म्हणून पडताळणी अंक ०. तो तसाच आहे ना, ते स्वतः करून पाहा. मग शेजारचे दोन अंक अदलाबदल करून पुन्हा बेरीज करा. चूक बहुतेक वेळा पकडली जाईल, पण दोन अंकांमधला फरक ५ असेल तर पकडली जाणार नाही, जसे १ आणि ६. असे का होते, हे कारणासह लिहून आणायचे आहे. अकरावीच्या मुलांनी हेच तेरा फेऱ्यांच्या फॉर-लूपने, मिड वापरून स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये लिहावे, आणि प्रत्येक मण्याचा संकेतांक ४८ ते ५७ मध्ये आहे की नाही हे आधी तपासावे. वह्या पुढच्या शनिवारपर्यंत संगणक कक्षात द्याव्यात.